स्क्रीनवर एक रंग, प्रिंटवर दुसरा: ही भानगड सुरू कुठून झाली

प्रिंट काळपट आली की आपण आधी प्रिंटरला शिव्या घालतो, मग शाईला, मग लॅबवाल्याला. पण हे दुखणं जुनं आहे. मॉनिटर स्वतः उजेड फेकतो, कागद बिचारा खोलीत जो उजेड असेल त्यावर भागवतो आणि त्यातलाही बराच शाई खाऊन टाकते, त्यामुळे आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडात) ०, ०, २५५ असा जो झगझगीत निळा दिसतो तो सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईत) येतच नाही, वर जांभळट होऊन बसतो.

पूर्वी याचा एवढा त्रास नव्हता कारण ड्रम स्कॅनर (फोटो फिरत्या नळकांड्यावर लावून स्कॅन करणारं मशीन), छपाईची फिल्म सगळं एकाच ठिकाणी, मुरलेल्या ऑपरेटरच्या हातात असायचं. तो सीएमवायकेचे टक्के वाचून काम करायचा आणि क्रोमालिनसारखं प्रूफ (छपाईआधीचा रंगीत नमुना) काढून गिऱ्हाइकाची सही घ्यायचा. मग डेस्कटॉप पब्लिशिंग (साध्या कॉम्प्युटरवरच पानं जुळवणं) आलं आणि स्कॅनर एकाचा, मॉनिटर दुसऱ्याचा, प्रिंटर तिसऱ्याचा, प्रत्येकाचा लाल वेगळा! अ‍ॅपलने तर मॅकचा गॅमा (मधल्या छटा किती उजळ-गडद दिसाव्यात त्याचा आकडा) १.८ ठेवला होता, आपल्या लेझररायटर प्रिंटरच्या छपाईशी जुळावा म्हणून, विंडोजकडे मात्र २.२, म्हणजे मॅकवर केलेला फोटो पीसीवर गडद. हे थेट २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅक सिस्टिमपर्यंत चाललं.

१९९३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे ८ कंपन्यांनी मिळून आयसीसी (इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम) ही रंगांचे नियम ठरवणारी संस्था काढली. आयडिया साधी होती, प्रत्येक मशीनची एक प्रोफाइल फाइल (ते मशीन रंग कसे दाखवतं याची नोंद) करायची आणि मधे सीआयई या प्रकाश-रंगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे रंगांचे आकडे ठेवायचे, जे माणसाच्या डोळ्यावरून १९३१ मध्येच ठरले होते, म्हणजे पाया साठ वर्षं तयारच पडून होता. १९९६ ला एचपी-मायक्रोसॉफ्टने साध्या मॉनिटरसाठी एसआरजीबी (रंगांचा ठरलेला आवाका) आणलं. १९९८ ला फोटोशॉप ५ ने तेच डिफॉल्ट केलं तेव्हा छपाईवाले खवळले, कारण शाईत येणारे काही हिरवे-निळसर रंग त्यात बसतच नाहीत. त्यांच्या कामाला येणारं अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८) तर चुकून जन्मलं, एका टीव्ही स्टँडर्डचे आकडे उतरवताना घोळ झाला पण लोकांना ते आवडलं, म्हणून नाव बदलून ठेवलं, माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात भारी किस्सा.

एवढं सगळं होऊनही उजेडाचा प्रश्न राहिलाच. छपाईच्या जगात प्रिंट बघायचा उजेड डी५० म्हणजे साधारण ५००० केल्विन, मॉनिटर बहुतेक डी६५ म्हणजे त्याहून निळसर उजेडावर, आणि आपण प्रिंट बघणार घरातल्या पिवळ्या बल्बखाली. त्यात नवा मॉनिटर डब्यातून निघतो तोच फुल ब्राइटनेसवर, आणि प्रिंटशी जुळवायला साधारण ८० ते १२० कॅन्डेला (दर चौरस मीटरला, उजेडाचं माप) लागतात, तेव्हा कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) घ्यायच्या आधी ते बटण खाली करून बघा, निम्मा काळपटपणा तिथेच जातो.