मात्रा आणि काउंट : सोळा मात्रा म्हणजे दोन ‘एट’ नव्हेत

कथ्थक शिकलेली मुलं म्युझिकल थिएटरच्या (गाणी, नाच आणि संवाद असलेल्या नाटकांच्या) नृत्यवर्गात आली की कुणीतरी त्यांना हमखास सांगतं, ‘तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे दोन एट, झालं!’ मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका, काउंट म्हणजे नाचताना मोजायचा आकडा, आणि एट म्हणजे आठ काउंटचा गट. ही बेरीज बरोबर आहे, पण तिच्या भरवशावर नाचायला गेलं की पाऊल चुकतं. शिकवणाऱ्यांनी तरी हे वाक्य आता सोडून द्यावं.

तीनताल नव्यानं समजवायची गरज नाही. चार-चारचे चार विभाग, पहिलीवर सम, म्हणजे आवर्तनाचा (तालाच्या एका फेरीचा) मुख्य ठोका, नववीवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा टाकायची मात्रा. लय इथेही लयच, दुगुन म्हणजे डबल टाइम. बोलांच्या (तालाच्या अक्षरांच्या) जागी स्टेपची नावं येतात : किक-बॉल-चेंज १-अँड-२ वर बसतो (‘अँड’ म्हणजे दोन काउंटच्या मधोमधची जागा). खालीला इथे जोड नाही. एवढं एका तासात अंगवळणी पडतं.

अडतं ते पुढे. मात्रा तालाची असते, काउंट नृत्यरचनेचा असतो. कथ्थकमध्ये लेहरा, म्हणजे फिरून फिरून वाजणारी एक धून, आवर्तन सतत ऐकवत राहतो, म्हणून नाचणारी कितीही लांब गेली तरी सम कुठे आहे हे तिला कळतं. म्युझिकलमध्ये लेहरा नाही. संगीत प्रसंगाबरोबर बदलतं, संवादासाठी मध्येच दोन बार (संगीतातले ठरावीक बीटचे गट) वाढतात, आणि काउंट त्या बदलांना धरून बांधले जातात. हालचालीचं वाक्य दहाचं असेल तर कोरिओग्राफर दहापर्यंत मोजतो आणि पुन्हा एकवर येतो. ३२ बारचं ४/४ मधलं, म्हणजे दर बारला चार बीटचं, गाणं प्रत्येक बीट मोजला तर १६ एट होतं. चाल जलद असेल आणि दोन बीटना एक काउंट धरला तर तेच गाणं ८ एट. म्हणून पियानोवादक ‘बार १७’ म्हणतो तेव्हा नाचणाऱ्यांनी ‘नववा एट’ म्हणून उत्तर देऊ नये. वहीत प्रत्येक एटच्या शेजारी बारचा आकडा लिहायचा. हे न केल्यानं तालमीचा जेवढा वेळ वाया जातो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशानं जात असेल.

आता सर्वांत मोठा घोळ : समेवर येणं. तिहाईचा, म्हणजे तीनदा म्हटलेल्या तुकड्याचा, शेवटचा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडतो. शेवट आणि सुरुवात एकाच जागी. एटमध्ये वाक्य ८ च्या आत संपवावं लागतं, कारण १ पुढच्या वाक्याचा असतो. कथ्थकची विद्यार्थिनी सवयीनं हात, नजर आणि वजन १ वर आणून थांबवते. दिसतं सुंदर, पण पुढचं पाऊलही त्याच १ वर होतं, ते २ वर जातं आणि ती पूर्ण एटभर एक काउंट मागे राहते. तिला ‘लवकर कर’ असं ओरडून सांगू नये. ती घाई करते आणि लय बिघडते. ‘७ वर वजन पोचव, ८ वर गुडघे सैल कर, १ वर नवं पाऊल टाक’ असं सांगावं. गाण्याच्या अगदी शेवटच्या ठोक्यावर, म्हणजे बटनवर, मात्र समेसारखं ठाम थांबायचंच असतं. तो ठोका कुठे येतो ते स्कोअरमध्ये (लिहिलेल्या संगीतात) पाहावं, १ वरच येईल असं धरू नये.

हीच सवय सुरुवातीलाही नडते. टॅपचा (बुटांच्या आवाजानं ताल वाजवणाऱ्या नाचाचा) साधा टाइम स्टेप ८ वर सुरू होतो (शफल, हॉप, फ्लॅप ही त्यातल्या पावलांची नावं) : शफल ८-अँड, हॉप १, स्टेप २, फ्लॅप अँड-३, स्टेप अँड, मग ४ पासून दुसऱ्या पायानं. असे सहा आणि दोन बारचा ब्रेक, म्हणजे शेवटचा वेगळा तुकडा, मिळून ८ बार. शफल १ वर टाकला की सगळं सरकतं आणि ब्रेक संपायच्या आत संगीत पुढे निघून जातं.

१९५७ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या म्युझिकलमधलं ‘अमेरिका’ हे गाणं घ्या. तिथे १२ चे गट ३-३-२-२-२ असे पडतात. बारा आहेत म्हणून एकताल धरून मोजणाऱ्याचे आघात पहिल्या ओळीतच हुकतात, कारण एकताल दोन-दोनमध्ये विभागलेला असतो.

कथ्थकवाल्यांकडे यावर उत्तम साधन आहे : पढंत, म्हणजे टाळी देत बोल तोंडानं म्हणणं. आधी जागेवर उभं राहून फक्त १ वर टाळी देत काउंट म्हणून घ्यावेत. मग काउंट सोडून गाण्याचे शब्द त्याच टाळीवर, गायचे नाहीत, नुसते म्हणायचे. कोणतं अक्षर १ वर पडतं त्याखाली वहीत रेघ ओढायची. ओळ अनेकदा ७ किंवा ८ वरच सुरू झालेली आढळते. मग शब्द म्हणत पावलं, आणि शेवटी सूर. हा क्रम उलटा केला तर विद्यार्थी मनात आकडे मोजत गातात आणि श्वास शब्दांच्या मध्येच तुटतो.

आणि तालमीला तिथेच प्रत्यक्ष वाजणारा पियानो हवाच. अभिनेत्याचं वाक्य संपेपर्यंत पियानोवादक तेच दोन किंवा चार बार वाजवत राहतो, त्याला व्हँप म्हणतात. रेकॉर्डिंगवर शिकलेला विद्यार्थी त्यात मोजतच जातो. व्हँपमध्ये मोजणी थांबवायची, संकेताचं वाक्य ऐकायचं, आणि पियानो पुढे सरकला की १ पासून सुरू करायचं.