ओपन बाईट आणि अलाइनर : पुढचा नंबर घालण्याआधी हे वाचा

दाढा एकमेकींवर टेकल्या तरी पुढचे दात मिटत नाहीत, मधे फट राहते, तो ओपन बाईट. ज्यांना आहे त्यांना समजावून सांगायची गरज नसते. पोळीचा घास पुढच्या दातांनी तुटत नाही, शेवया आणि कोथिंबिरीच्या काड्या निसटतात, सँडविच तोंडाच्या कडेने खावं लागतं, आणि काहींची ‘स’ म्हणताना जीभ दातांमधून बाहेर येते.

आमच्या दातांच्या दवाखान्यात असे पेशंट आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तारा नकोत, अलाइनरने होईल ना?” (अलाइनर म्हणजे दातांवर घालायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे ट्रे, ते नंबरवार बदलत जायचे.) आणि अलाइनर सुरू झाल्यावर काही महिन्यांनी दुसरा : “इतके ट्रे झाले, फट अजून तशीच का?” दोन्हींची उत्तरं या पत्रकात आहेत. दुसऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा पेशंटच्याच हातात असतं.

अलाइनरने होईल का?

फट दातांमुळे आहे की जबड्याच्या हाडामुळे, यावर ते ठरतं. लहानपणी बरीच वर्षं अंगठा चोखला, जीभ सतत दातांच्या मधे राहिली, तर हाड ठीक असूनही पुढचे दात पूर्ण खाली उतरत नाहीत. काहींच्या बाबतीत मात्र वरचा जबडा मागच्या बाजूला जास्त खाली वाढलेला असतो आणि त्यामुळे खालचा जबडा खाली-मागे फिरलेला असतो. चेहऱ्याचा खालचा भाग लांब दिसतो, ओठ मिटायला जोर लावावा लागतो. आरशात दोघांची फट सारखीच दिसते, उपचार मात्र वेगळे. म्हणून चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, पाहिल्याशिवाय आम्ही ‘होईल’ किंवा ‘नाही’ सांगत नाही. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून खर्च विचारणाऱ्यांना आम्ही आकडा देत नाही, तो याचसाठी. कृपया राग मानू नये.

दातांमुळे पडलेली, दोन-तीन मिलिमीटरची फट असेल तर अलाइनर चांगलं काम करतो. तो दोन बाजूंनी काम करतो. पुढच्या दातांना तो आत वळवतो आणि एकमेकांकडे ओढतो. शिवाय वरच्या आणि खालच्या ट्रेचं प्लॅस्टिक दिवसभर दाढांच्या मधे असतं, त्यामुळे प्रत्येक वेळी दात मिटताना दाढांवर दाब पडतो आणि त्या थोड्या हाडात दबतात. जबडा कानाजवळच्या सांध्यावर फिरतो, म्हणून दाढा १ मिलिमीटर दबल्या तर पुढची फट साधारण २ ते ३ मिलिमीटर मिटते. नुसत्या तारांनी दाढा हाडातून किंचित बाहेर येण्याकडे कल असतो. त्यामुळे काही ओपन बाईटमध्ये अलाइनर हा केवळ ‘न दिसणारा’ म्हणून नव्हे, तर कामासाठीही बरा ठरतो.

एक अडचण मात्र आधीच पाहावी लागते. हसताना वरची हिरडी आधीच जास्त दिसत असेल, तर वरचे दात खाली ओढून फट मिटवणं चूक आहे. फट जाईल, हसू बिघडेल. तिथे दाढाच दाबायला हव्यात.

वेळ खाणारी चूक

अलाइनरचा एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो. बाकीच्या हालचालींच्या मानाने दात हाडातून बाहेरच्या दिशेने ओढणं अलाइनरला फार जड जातं, कारण गुळगुळीत दातावरून प्लॅस्टिक निसटतं. त्यासाठीच आम्ही पुढच्या दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे, म्हणजे अटॅचमेंट, चिकटवतो. ट्रेने ते घट्ट धरले तरच दात ओढला जातो. ओपन बाईटचा सगळा उपचार या पकडीवर चालतो.

चूक होते ती इथे : कॅलेंडरवर तारीख आली म्हणून पुढचा नंबर घालणं.

पुढचा ट्रे बनवताना असं धरलेलं असतं की दात आधीच्या ट्रेमध्ये पूर्ण बसला आहे. तो मागे राहिला असेल, तर नव्या ट्रेला त्याला दुप्पट ओढावं लागतं आणि ते त्याला जमत नाही. तीन-चार नंबर असे गेले की ट्रे अटॅचमेंट धरतच नाही, नुसता दातावर तरंगतो. वरच्या मधल्या दोन दातांच्या शेजारचे दोन लहान दात सगळ्यात आधी मागे पडतात. आकारच लहान, त्यामुळे पकडही कमी. पेशंटला वाटतं, आपण एकही तारीख चुकवली नाही. पण दात कधीच थांबलेला असतो. मग पुन्हा स्कॅन, पुन्हा नवे ट्रे बनवून घेणं, ते येईपर्यंत आहे त्या ट्रेवर थांबणं. वेगाने पुढे जायच्या नादात काही महिने असेच जातात.

तपासायला एक मिनिटही लागत नाही. ट्रे घालून, दाबून बसवून उजेडात आरशासमोर उभे राहा. पुढच्या दाताची कड आणि प्लॅस्टिक यांच्या मधे रिकामी, पांढुरकी जागा दिसते का पाहा. दिसत नसेल तर खुशाल पुढचा नंबर घाला. केसभर दिसत असेल तर त्याच ट्रेवर आणखी तीन-चार दिवस राहा आणि च्यूई चावा. ठळक जागा दिसत असेल तर नंबर बदलू नका, आम्हाला फोटो पाठवा. चार दिवस उशीर झाला तर काहीही बिघडत नाही.

च्यूई म्हणजे ट्रेसोबत दिलेली ती मऊ नळकांडी. बऱ्याच जणांच्या डबीत ती महिनोन्महिने कोरी पडलेली असते. ट्रे घातला की दर वेळी पाच मिनिटं ती पुढच्या दातांनी, एकेका दातावर थांबत चावायची. ओपन बाईटच्या पेशंटला च्यूई सोडून चालत नाही. दातांवर चिकटवलेल्या बटणांना रबर लावायला दिले असतील तर तेही तसेच. ‘रात्री लावतो’ एवढं पुरत नाही, सांगितले तितके तास लावा.

दात मागे का पडतो, याचं खरं कारण तासांत आहे. ट्रे दिवसात २० ते २२ तास तोंडात हवा. आता आपला दिवस पाहा. सकाळचा चहा, नाश्ता, अकराचा चहा, जेवण, चारचा चहा, संध्याकाळचं थोडं खाणं, रात्रीचं जेवण. दर वेळी ट्रे काढला, खाल्लं, गप्पा झाल्या, ब्रश केला, असे चाळीस मिनिटं धरले तर साडेचार तास गेलेच. त्यात दुपारी डबीत विसरलेला एक तास धरा. चहा सोडा असं आम्ही कुणालाच सांगत नाही. तो नाश्त्याला आणि जेवणाला जोडून घ्या, एवढंच. ट्रे घालून गरम चहा मात्र पिऊ नका. उष्णतेने प्लॅस्टिक वाकडं होतं, डाग पडतो आणि साखर दाताला चिकटून राहते. ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं.

हॉटेलात ट्रे कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका, तो ताटाबरोबर जातो. हरवलाच तर स्वतःहून पुढच्या नंबरवर उडी मारू नका. आधीचा घाला आणि फोन करा. म्हणून मागचे दोन ट्रे कायम जपून ठेवा.

सगळे ट्रे एकदम का देत नाही?

वर लिहिलेल्या चुकीमुळेच. आम्ही थोडे थोडे देतो आणि दात बसलेले पाहून पुढचे देतो. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांचे पालक यावर नाराज होतात, ते समजतं. त्यांच्यासाठी फोटोवर तपासणी आणि कुरिअर अशी सोय आहे, पण मधली तपासणी आम्ही सोडत नाही. प्रत्यक्ष तपासणीशिवाय घरपोच ट्रे देणाऱ्या अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये काम बंद केलं, तेव्हा अनेकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. साध्या वाकड्या दातांचं एक वेळ निभावतं. ओपन बाईटला डॉक्टरांची नजर लागतेच.

अलाइनर पुरेसा नसेल तेव्हा

तारा आणि रबर हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. रबर नियमित लावणाऱ्याला त्याचा गुण येतो. दात पुढे आलेले असतील तर उपदाढा काढून पुढचे दात मागे नेले की तेही एकमेकांकडे झुकतात आणि फट मिटते.

दाढा खऱ्या अर्थाने दाबायच्या असतील तर मिनी स्क्रू. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा छोटा धातूचा स्क्रू जागा बधिर करून हाडात बसवतात आणि त्याच्या आधाराने दाढा हाडाकडे ओढतात. नाव ऐकून लोक घाबरतात, पण दात काढण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं असतं. स्क्रू अलाइनरबरोबरही लावता येतात.

फट मोठी आणि हाडामुळे असेल तर शस्त्रक्रिया. वाढ पूर्ण झाल्यावर, भूल देऊन, जबड्याचे सर्जन ती करतात. आधी आणि नंतर तारा किंवा अलाइनर लागतातच. अशा पेशंटला नुसत्या अलाइनरवर वर्षभर ठेवणं आम्हाला मान्य नाही. आमच्याकडे तारा, स्क्रू आणि अलाइनर तिन्ही होतं, त्यामुळे एकाच गोष्टीचा आग्रह धरायचं आम्हाला कारण नाही.

पूर्वी दात नीट मिटत होते आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत फट पडली, असं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. कानाजवळच्या सांध्याची झीज किंवा संधिवात त्यामागे असू शकतो. तो आधी पाहावा लागतो.

जीभ आणि लहान मुलं

गिळताना जीभ दातांना ढकलते ती क्षणभर. त्यापेक्षा दिवसभर ती कुठे टेकून असते याला जास्त महत्त्व आहे. ओठ मिटलेले, श्वास नाकाने, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला : ही तिची जागा. जीभ दातांच्या मधेच राहिली तर बंद झालेली फट पुन्हा उघडते. म्हणून जिभेचे व्यायाम उपचारातच धरलेले आहेत.

मूल अंगठा चोखत असेल तर चौथ्या वर्षापर्यंत काळजी करू नका. सहा-सात वर्षांचे होताना पुढचे कायमचे दात येतात, त्याआधी सवय सुटली तर फट अनेकदा आपोआप मिटते. सवय सुटत नसेल तर टाळूला बसणारी जाळी देता येते. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्या, घोरणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

उपचार संपल्यावर

ओपन बाईट परत येऊ शकतो, म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन, नियमित घालावाच लागतो. आम्ही दाढांवरून जाणारा रिटेनर देतो. पहिला जोड फीमध्येच असतो. शेवटच्या ट्रेनंतर मागच्या दाढा किंचित टेकत नाहीत असं वाटलं तर घाबरू नका, बहुतेकांच्या त्या काही आठवड्यांत बसतात. पण पुढच्या भेटीत दाखवा.

फोटो कसा पाठवायचा

ट्रे घातलेला, दाढा मिटलेल्या, ओठ बोटांनी बाजूला ओढलेले. एक फोटो समोरून, एक-एक दोन्ही बाजूंनी, खिडकीच्या उजेडात. सोबत चालू ट्रेचा नंबर आणि तो किती दिवस घातला ते लिहा. नंबर बदलायच्या आदल्या दिवशी फोटो आला तर दवाखाना बंद व्हायच्या आत आम्ही उत्तर देतो. भेटीला येताना चालू ट्रे, मागचे दोन ट्रे आणि च्यूई घेऊन या. जुना सेफॅलोग्राम दुसरीकडे काढलेला असेल तर तोही आणा, कामाचा असेल तर नवा काढायला सांगत नाही.