कलम ३१-अ : अमली पदार्थांच्या गुन्ह्याला फाशी आली कुठून?

पुण्या-मुंबईत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, मोठा साठा पकडला गेला, की वृत्तवाहिन्यांवर आणि चौकाचौकांत एक मागणी ऐकू येते : यांना फाशी द्या. संताप समजण्यासारखा आहे. ज्यांच्या घरातलं पोर या पुडीपायी हातचं गेलं, त्यांच्याशी वाद घालायला कुणाची जीभ रेटणार? पण ही मागणी करणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं, की आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये, ही फाशी १९८९ पासूनच आहे. सुरुवातीची पंचवीस वर्षं तर कायद्याच्या पुस्तकात ती सक्तीची होती. ती आली कशी आणि तिची सक्ती मुंबईत मोडली कशी, हे माहीत असल्याशिवाय आजच्या वादाला बूड येत नाही.

भारतात अफू, गांजा, भांग यांचा व्यवहार शतकानुशतकं चालत आला. इंग्रजांनी तो थांबवला नाही. त्यावर मक्तेदारी बसवली आणि कर गोळा केला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि या शहरातल्या अनेक मोठ्या पेढ्या त्या पैशावर उभ्या राहिल्या. १८५७ आणि १८७८ चे अफू कायदे आणि १९३० चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा, हे सगळे मुळात व्यापारावर लगाम ठेवण्यासाठी होते. १९३० च्या कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा होती तीन वर्षं, दुसऱ्यांदा सापडलात तर चार. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढची उडी फार मोठी आहे.

१९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, इराणात क्रांती झाली आणि त्या पट्ट्यातलं हेरॉईन पाकिस्तानमार्गे नव्या वाटा शोधू लागलं. भारत ही त्यातली एक वाट. वाटेवरून जाणारा माल वाटेतच सांडतोही. ऐंशीच्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगर आली. तिला लोक ‘गर्द’ म्हणू लागले आणि तिच्या आहारी गेलेला तो ‘गर्दुल्ला’. रेल्वेच्या पुलाखाली चांदीच्या कागदावरचा धूर ओढणारी मुलं त्या दशकात मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते याच लाटेच्या काळात. महाराष्ट्राने या संकटाला दिलेलं ते पहिलं मोठं उत्तर उपचाराचं होतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

दिल्लीचं उत्तर वेगळं होतं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही होती आणि गांजासारख्या पारंपरिक वापरासाठी मिळालेली पंचवीस वर्षांची सवलत संपत आली होती. राजीव गांधींच्या सरकारने १९८५ च्या ऑगस्टमध्ये एनडीपीएसचं विधेयक लोकसभेत मांडलं आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून कायदा लागू झाला. तीन वर्षांच्या जागी आता किमान दहा, कमाल वीस वर्षांची कैद आणि किमान एक लाख रुपये दंड. स्वतःच्या वापरापुरती चिमूटभर वस्तू बाळगणाऱ्याला वेगळी, सौम्य तरतूद होती. पण ती आपल्याच वापराची होती हे त्यानेच सिद्ध करायचं. ते जमलं नाही, तर हातगाडीवाला आणि टोळीचा म्होरक्या या दोघांना एकच तराजू. हा दोष दुरुस्त व्हायला २००१ साल उजाडलं. तेव्हा कुठे ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ असं प्रमाण ठरलं. हेरॉईनसाठी पाच ग्रॅमपर्यंत अल्प आणि २५० ग्रॅमच्या पुढे व्यापारी.

पण त्याआधीच फाशी आलेली होती. १९८८ मध्ये दुरुस्ती विधेयक आलं आणि २९ मे १९८९ पासून कलम ३१-अ अमलात आलं. तक्त्यात दिलेल्या प्रमाणाइतका माल घेऊन जो दुसऱ्यांदा दोषी ठरेल, त्याला मृत्युदंड. हेरॉईन एक किलो, अफू दहा किलो, चरस वीस किलो, कोकेन अर्धा किलो. पैसा पुरवणाऱ्यालाही तेच. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. जोडीला जामिनाची दारं जवळपास बंद करणारं कलम ३७ आणि शिक्षेत सूट नाकारणारं कलम ३२-अ. तीन वर्षांच्या कैदेपासून सक्तीच्या फाशीपर्यंतचा प्रवास देशाने चार वर्षांत पुरा केला.

त्या काळाची हवा समजून घ्यायला हवी. पंजाब पेटलेला होता. हेरॉईन आणि बंदुका एकाच सरहद्दीवरून येतात, अशी सरकारची खात्री होती. १९८८ मध्येच शस्त्रास्त्र कायद्यातही सक्तीच्या फाशीची तरतूद घालण्यात आली. शेजारी मलेशियाने १९८३ मध्ये आणि सिंगापूरने १९७५ मध्ये तस्करीला सक्तीची फाशी लावली होती. १९८६ मध्ये क्वालालंपूरला दोन ऑस्ट्रेलियन नागरिकांना फाशी झाली, तेव्हा ती बातमी जगभर गाजली. भय खरं होतं. मात्र ज्या घाईने मृत्युदंड लिहिला गेला, त्या घाईत एक मोठी गोष्ट बाजूला पडली.

ती गोष्ट म्हणजे १९८३ चा मिठू खटल्याचा निकाल. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असं सांगणारं भारतीय दंडसंहितेचं कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं होतं. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, म्हणजे पुण्याच्या माणसाने. गुन्ह्याची परिस्थिती आणि गुन्हेगाराचं आयुष्य न पाहता जीव घेण्याची सक्ती करणारा कायदा न्याय्य असू शकत नाही, हे त्याचं सार. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच फाशी, अशी मर्यादा आधीच घातली होती. हे दोन्ही निकाल समोर असताना संसदेने सहा वर्षांत तीच चूक अमली पदार्थांच्या कायद्यात पुन्हा केली.

या चुकीचा हिशेब मुंबईत झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी काश्मीरच्या एका माणसाला फाशी सुनावली. कायद्यात दुसरी वाट नव्हतीच. त्याने आणि ‘इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क’ या व्यसनग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या जाळ्याने मुंबई उच्च न्यायालयात कलम ३१-अ ला आव्हान दिलं. संस्थेची बाजू ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने लढवली. १६ जून २०११ रोजी न्या. अजय खानविलकर आणि न्या. ए. पी. भंगाळे यांनी निकाल दिला : सक्तीची फाशी संविधानाच्या अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग करते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातली सक्तीची फाशी न्यायालयाने नाकारल्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण, असं याचिकाकर्त्यांच्या बाजूने तेव्हा सांगितलं गेलं.

निकाल तेवढ्यावर थांबला, हेही सांगितलं पाहिजे. अशा गुन्ह्याला फाशी असूच नये, ही मागणी खंडपीठाने मान्य केली नाही. कलम रद्द न करता ‘फाशी दिलीच पाहिजे’ऐवजी ‘फाशी देता येईल’ असं ते वाचावं, असं ठरलं. मला हा निकाल अर्धा वाटतो, पण या अर्ध्यानेही जीव वाचतात. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रास्त्र कायद्यातली सक्तीची फाशीही रद्द केली आणि २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यातच बदल करून मुंबईचा निकाल कायद्याच्या मजकुरात आणला. त्याच दुरुस्तीने कर्करुग्णांच्या वेदना शमवणारं मॉर्फिन रुग्णालयांना मिळणं सोपं केलं. कडक कायद्याच्या धाकाने औषधांच्या दुकानांतून मॉर्फिन नाहीसं झालं होतं आणि मरणाच्या दारातले लोक तळमळत राहिले होते. त्यांच्याबद्दल फाशीच्या वादात कुणी बोलत नाही.

या शिक्षेला माझा विरोध आहे आणि त्याचं मुख्य कारण पुराव्याच्या बाजूला आहे. एनडीपीएस कायद्यात गुन्हा सिद्ध करण्याचं ओझं मोठ्या प्रमाणात आरोपीच्या खांद्यावर असतं. माल जवळ सापडला की त्यामागची गुन्हेगारी जाणीव न्यायालय गृहीत धरतं. ती नव्हती हे आरोपीने दाखवायचं. त्यात भर म्हणजे तपास अधिकाऱ्यांपुढे कलम ६७ खाली दिलेला जबाब कितीतरी वर्षं कबुलीजबाब म्हणून वापरला गेला. सर्वोच्च न्यायालयाने तो अग्राह्य ठरवला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, तूफान सिंग खटल्यात. म्हणजे जवळपास पस्तीस वर्षं ज्या पुराव्यावर माणसं आत गेली, तो पुरावाच नव्हे असं नंतर ठरलं. कैदेत असलेल्याची सुटका करता येते. फाशी दिलेल्याचं काय करणार?

समर्थक सिंगापूरचं नाव घेतात. तिथे १५ ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉईन किंवा ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाची तस्करी फाशीला पुरते. २०१२ मध्ये नुसत्या वाहकांसाठी, तपासाला मदत केली तर, जन्मठेपेची फट ठेवण्यात आली. तरीही एप्रिल २०२२ मध्ये ४२.७२ ग्रॅम हेरॉईनसाठी मलेशियाच्या एका तमिळवंशी तरुणाला फासावर चढवलं. त्याचा बुद्ध्यांक ६९ होता. तो काही टोळीचा मालक नव्हता, मांडीला पुडकं बांधून सरहद्द ओलांडणारा होता. उलट ज्या मलेशियाने वाट दाखवली, त्याच मलेशियाने जुलै २०२३ पासून सक्तीची फाशी संपवली. इराणने २०१७ मध्ये फाशीसाठीच्या प्रमाणाची मर्यादा वाढवली, फाशीचे आकडे झपाट्याने उतरले. पण काही वर्षांत ते पुन्हा चढले. नागरी हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला भारत १९७९ पासून बांधील आहे, तो फाशी फक्त ‘अत्यंत गंभीर’ गुन्ह्यांपुरती ठेवतो. अमली पदार्थांचे गुन्हे त्यात बसत नाहीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१८ मध्ये स्पष्ट केलं.

आपल्याकडे विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये, न्या. ए. पी. शहा अध्यक्ष असताना, दहशतवादाशी संबंधित गुन्हे आणि देशाविरुद्धचं युद्ध वगळता बाकी सगळ्या गुन्ह्यांची फाशी रद्द करावी अशी शिफारस केली. तीन वर्षांनी, जुलै २०१८ मध्ये, पंजाबच्या मंत्रिमंडळाने नेमकी उलट शिफारस केंद्राला पाठवली : पहिल्याच गुन्ह्याला फाशी हवी. गावागावांत तरुण मरत होते आणि सरकारवर दबाव होता. कायदा मात्र बदलला नाही.

आज कलम ३१-अ पुस्तकात आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला किमान पंधरा वर्षं कैद किंवा फाशी, असं न्यायाधीशाने ठरवायचं. १९८९ पासून या कलमाखाली एकाही माणसाला प्रत्यक्ष फाशी झालेली नाही. आणि ज्या एमडीमुळे महाराष्ट्रात फाशीची मागणी होते, ते मेफेड्रोन २०१५ मध्ये एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आलं खरं, पण कलम ३१-अ च्या तक्त्यात त्याचं नाव नाही. ते घालायचं तर संसदेला नवी दुरुस्ती करावी लागेल, आणि त्या दिवशी १९८८ मध्ये जी चर्चा घाईत आटोपली, ती सभागृहात पूर्ण व्हायला हवी.