किरणोत्सवाची रेषा

दरवर्षी नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव पाहायला मावळतीच्या आधी गर्दी होते. ऊन महाद्वारातून आत शिरतं, मंडप ओलांडतं, उंबऱ्यावरून पुढे सरकतं आणि देवीच्या चरणांना लागतं. हवा स्वच्छ असेल तर तिथून वर चढत चेहऱ्यापर्यंत जातं. नववी-दहावीच्या मुलांना निर्देशक भूमिती, म्हणजे जागा आकड्यांनी सांगायची भूमिती, समजावताना मी इथूनच सुरुवात करतो. किरण म्हणजे सरळ रेषा, आणि ती पाहायला कोल्हापुरातलं पोर एकदा तरी गेलेलंच असतं.

आपल्याकडे पत्ता विचारला की खुणा सांगतात. पापाच्या तिकटीवरून डावीकडं वळा, पुढं विचारा. चालत जायला हे पुरतं. पण दोन ठिकाणांमधलं अंतर काढायचं, किंवा एखादी जागा अमुक रेषेवर येते का हे ठरवायचं, तर खुणांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. त्यासाठी जागेला आकडे द्यावे लागतात.

वहीत एक टिंब काढा. हे अंबाबाईचं देऊळ, आपला आरंभबिंदू. त्यातून एक आडवी रेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे, हा क्ष-अक्ष. दुसरी उभी, दक्षिणेकडून उत्तरेकडे, हा य-अक्ष. पूर्व आणि उत्तर धन, पश्चिम आणि दक्षिण ऋण. एवढ्यात सगळ्या शहराचे चार भाग झाले. रेल्वे स्टेशन ईशान्येला, म्हणजे पहिल्या चरणात. पंचगंगेचा घाट वायव्येला, दुसऱ्या चरणात. रंकाळा नैर्ऋत्येला, तिसऱ्यात, आणि शिवाजी विद्यापीठ आग्नेयेला, चौथ्यात. चौथ्या हिश्शाला चरण म्हणायची आपली जुनी पद्धत आहे. श्लोकाच्या चौथ्या भागालाही आपण चरणच म्हणतो. चिन्हं पाठ करत बसण्यापेक्षा रंकाळ्यावर उभं राहून देवळाकडे बघावं. आपण देवळाच्या पश्चिमेलाही आहोत आणि दक्षिणेलाही, म्हणून दोन्ही आकडे ऋण. हे एकदा अंगात भिनलं की पुन्हा विसरत नाही.

ही कल्पना 1637 साली रेने देकार्त या फ्रेंच विचारवंतानं छापून लोकांपुढे आणली. त्याच सुमाराला पिएर द फर्मा स्वतंत्रपणे त्याच वाटेनं गेला होता, पण त्याचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर, 1679 मध्ये छापलं गेलं. आज आपण वहीत काढतो तसे चार चरण देकार्तच्या लेखनात नाहीत. ऋण आकड्यांना अक्षांवर सन्मानाची जागा मिळायला पुढे न्यूटनसारख्यांचं काम घडावं लागलं. मुलं ऋण चिन्हाशी अडखळतात तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगतो.

आता किरणाकडे येऊ. 10 नोव्हेंबरच्या आसपास कोल्हापुरात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही. तो पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणजे देवळापासून सूर्याच्या दिशेनं जायचं तर 100 मीटर पश्चिमेला जाताना साधारण 32 मीटर दक्षिणेलाही जावं लागेल. या 32 भागिले 100 ला रेषेचा चढ म्हणतात: 0.32. घाटातला चढ तसाच हा चढ, आडवं किती गेलो आणि त्यात उभं किती गेलो याचं गुणोत्तर. रेषेचं समीकरण झालं, य = 0.32 × क्ष.

समीकरण म्हणजे रेषेत शिरायची अट. जो बिंदू अट पाळतो तो रेषेवर, जो पाळत नाही तो बाहेर. किरणांच्या वाटेत उंच बांधकामं येतात ही चर्चा गावात जुनीच आहे. त्यातलं एक कल्पित घर घेऊ, देवळापासून 300 मीटर पश्चिमेला आणि 100 मीटर दक्षिणेला, म्हणजे (−300, −100). क्षच्या जागी −300 घातले की रेषा सांगते, य हवा −96. घर रेषेपासून जेमतेम चार मीटरवर, म्हणजे वाटेतच. दुसरं घर (−300, −60) वर असेल तर ते छत्तीस मीटर बाजूला राहिलं, त्याचा काही दोष नाही. रस्त्यावर न उतरता, दोरी न लावता हे कळलं. मला या विषयातली ही गोष्ट फार सुंदर वाटते. डोळ्याला न दिसणारी रेषा एका ओळीत लिहिता येते, आणि मग तिला कुठल्याही जागेबद्दल प्रश्न विचारता येतो.

हा सोहळा वर्षातून दोनदा का, याचं उत्तरही याच चढात आहे. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, आणि 21 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 42 दिवस. सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि तिकडून परतताना दोन्ही वेळा त्याच दिशेला मावळतो, म्हणून चढ तोच येतो. आणि दिवस मोजकेच का? या काळात मावळतीची दिशा रोज साधारण 0.3 अंशानं बदलते. 100 मीटर लांबीवर त्यानं किरण अर्धा मीटर बाजूला सरकतो. दारं अरुंद असली की पाच-सहा दिवसांत खेळ संपतो.

इथवर आपण वरून पाहिलं. आता बाजूनं पाहू, कारण ऊन चरणांपासून चेहऱ्याकडे का चढतं हे वरून कळत नाही. नवे अक्ष घ्या: आडवं म्हणजे दारापासून आत गेलेलं अंतर, उभं म्हणजे उंची. समजा दाराची चौकट 3 मीटर उंच आहे आणि मूर्ती दारापासून 50 मीटर आत. (हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, देवळाची मापं नव्हेत.) चौकटीला घासून आत येणारा किरण 50 मीटरवर किती उंचीला पोचेल? उंची = 3 − चढ × 50.

सूर्य क्षितिजावर सुमारे 3.4 अंश असेल तर चढ 0.06, आणि उंची 3 − 3 = 0. ऊन जमिनीला लागलं. सूर्य 1.7 अंशांवर आला की चढ 0.03, उंची दीड मीटर. सूर्य जसा खाली तसा किरण सपाट, आणि किरण सपाट तसं ऊन वर. कोल्हापुरात मावळता सूर्य 1 अंश उतरायला साडेचार मिनिटांच्या आत-बाहेर घेतो, तेव्हा जमिनीपासून दीड मीटरपर्यंतचा हा प्रवास साडेसात मिनिटांचा. समीकरणातल्या त्या वजा चिन्हामुळेच खाली जाणारा सूर्य उजेड वर नेतो.

आता तेच मघाचं घर पुन्हा घेऊ, 300 मीटरवरचं. जमीन सपाट धरली आणि अंतर मूर्तीपासून मोजलं तर 0.06 चढाचा किरण तिथं 18 मीटर उंचीवरून येतो, साध्या तिमजली घराच्या चांगलाच वरून. 0.03 चढाचा किरण मूर्तीवर दीड मीटर उंचीला लागतो, म्हणून घरापाशी तो दीड अधिक 9, म्हणजे साडेदहा मीटरवरून येतो, गच्चीवरच्या टाकीला तो अडू शकतो. 0.02 चा तर 2 अधिक 6, म्हणजे 8 मीटरवरच, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत. म्हणजे चरणांना ऊन लागतं आणि चेहऱ्यापर्यंत जात नाही असं एखाद्या वर्षी झालं, तर आकाशात ढग नसतानाही ते होऊ शकतं. चेहऱ्याकडे जाणारा किरण सगळ्यांत सपाट असतो, त्याची वाट सगळ्यांत लांबवर जमिनीलगत जाते, आणि म्हणून तोच आधी अडतो. क्षितिजालगतची धूळ आणि बाष्पही त्यालाच जास्त खातात.