अँजिओग्राफी की अँजिओप्लास्टी? नुसतं ‘अँजिओ’ म्हणून भागत नाही

‘काकांची अँजिओ झाली’ एवढाच निरोप फोनवर आला, तर काकांचं नेमकं काय झालं हे कळायला मार्ग नाही. नुसती तपासणी होऊन सगळं ठीक निघालं असेल, किंवा हृदयाच्या धमनीत कायमची स्प्रिंग बसली असेल. ‘अँजिओ’ हे दोन्हीचं लाडकं नाव, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

अँजिओग्राफी ही तपासणी आहे, अँजिओप्लास्टी हा उपचार. गल्लत होते कारण बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तीच कॅथ लॅब (एक्स-रे यंत्र असलेली, नळी घालण्याची खोली), तेच टेबल, बहुतेकदा तेच डॉक्टर. मनगटापाशी किंवा जांघेत त्या जागेपुरती भूल देतात, रुग्ण जागाच असतो, आणि धमनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकवतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांच्या तोंडाशी ती पोचली की तिच्यातून आयोडीनयुक्त द्रव सोडतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर धमन्यांचा नकाशा उमटतो. कुठे अरुंद झाल्यात, किती, तीन मुख्य धमन्यांपैकी एकीत की तिन्हींत, ते दिसतं. अँजिओग्राफी इथे संपते. नळी बाहेर काढतात.

अँजिओप्लास्टीत पुढचं काम होतं. केसासारखी बारीक तार अरुंद जागेच्या पलीकडे नेतात, तिच्यावरून मिटलेला फुगा सरकवतात आणि तो फुगवून वाट मोकळी करतात. ती पुन्हा आक्रसू नये म्हणून धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, तिथेच ठेवतात. बोलताना आपण तिला स्प्रिंग म्हणतो. ‘ब्लॉक काढला’ असंही सर्रास म्हणतात, पण ते खरं नाही. साठलेला चरबीचा थर भिंतीकडे दाबला जातो, तो तिथेच राहतो. म्हणून स्टेंटनंतरही कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सुटत नाहीत.

पाहायला शिकल्यावर दुरुस्ती शिकायला बराच काळ गेला. 1929 साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तसाच चालत जाऊन एक्स-रे काढला. करोनरी धमनीचं थेट चित्र मिळालं ते 1958 साली अमेरिकेत मेसन सोन्स यांना, आणि तेही चुकून: द्रव महाधमनीत सोडायचा होता, नळी घसरून करोनरीत गेली. रुग्ण बचावला आणि वैद्यकाला नवी तपासणी मिळाली. रुग्ण जागा असताना करोनरीत फुगा फुगवण्याचं काम पहिल्यांदा आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये 1977 साली केलं. स्टेंट आला 1986 मध्ये.

आता मुख्य मुद्दा. अँजिओग्राफीनंतर अँजिओप्लास्टी ओघानेच येते, असा समज आहे. तसं नाही. दोन्हींच्या मध्ये एक निर्णय असतो. साधारण 70 टक्क्यांच्या आत अरुंद असलेली धमनी बहुतेक वेळा गोळ्यांवर सांभाळतात. मुख्य डाव्या धमनीबाबत मात्र 50 टक्केही गंभीर मानतात. नुसत्या टक्क्यांवर भरवसा नसेल तर तारेनेच अडथळ्याच्या अलीकडचा-पलीकडचा दाब मोजता येतो. तिन्ही धमन्या खराब असतील, त्यात मधुमेह असेल, तर स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरू शकते.

हार्ट अटॅक चालू असताना ही चर्चा करत बसायला वेळ नसतो. धमनी गुठळीने पूर्ण बंद पडलेली असते, स्नायू मरत असतो. रुग्णालयात पोचल्यापासून 90 मिनिटांत ती उघडावी असं उद्दिष्ट असतं, आणि इथे स्टेंट जीव वाचवतो.

पण चालताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं, महिनोन् महिने असंच चाललंय, अशा स्थिर दुखण्याची गोष्ट वेगळी. 2007 साली करेज आणि 2020 साली इस्केमिया या मोठ्या चाचण्यांत असं दिसलं की अशा बहुतेक रुग्णांत चांगल्या औषधांच्या जोडीला सरसकट स्टेंट घातल्याने मृत्यू कमी होत नाहीत. छातीतली कळ मात्र कमी होते, आणि ज्याला दोन जिने चढता येत नाहीत त्याला त्याचं मोल विचारा.

माझा अनुभव असा की गोंधळ होतो तो संमतीच्या कागदावर. ‘अँजिओग्राफी, गरज पडल्यास अँजिओप्लास्टी’ अशी ओळ त्यावर असू शकते. त्यात गैर काही नाही, दुसऱ्यांदा टोचणं वाचतं. फक्त तातडी नसेल तर सही करण्याआधीच विचारावं: काही निघालं तर लगेच करणार, की आधी आम्हाला चित्र दाखवून बोलणार? टेबलावर झोपल्यावर हा प्रश्न सुचत नाही.

घरी आल्यावरचा फरक तर फार मोठा. नुसती अँजिओग्राफी असेल तर टोचलेली जागा काही दिवस जपायची, आणि तो द्रव किडनीला जड जाऊ शकतो म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तातली पातळी) वाढलेलं असणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तसं पाणी-औषधांकडे लक्ष द्यायचं. स्टेंट बसला असेल तर ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी सुरू होते. दुसरी गोळी साधारण 6 महिने, अटॅकनंतर बहुधा वर्षभर. ती मध्येच थांबली तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते. म्हणून दाढ काढायची ठरली आणि दातांच्या डॉक्टरांनी ‘रक्त पातळ होण्याची गोळी बंद करा’ म्हटलं, तर आधी फोन हृदयाच्या डॉक्टरांना. आणि त्यांना ‘अँजिओ झालीय’ असं सांगू नका, स्टेंट कधी बसला ती तारीख सांगा.