ऑक्टेन वेगळं, इथेनॉल वेगळं: जुन्या दमदार गाडीच्या टाकीत काय भरायचं?

मामांची कॉन्टेसा १९९४ची, माझी ऑक्टाव्हिया आरएस २००५ची. साताऱ्याला दोन्ही एका शेडमध्ये लागल्या की पेट्रोलवरून बोलणं निघतंच. मागच्या उन्हाळ्यात मामा म्हणाले, "अरे, हे वीस टक्क्यांचं पेट्रोल आल्यापासून गाडी सकाळी लवकर चालू होत नाही. ऑक्टेन कमी केलंय लेकाच्यांनी. आता नाईंटी फाइव्हच टाकणार." गाडीला त्रास होतोय हे खरंच होतं. पण निदान चुकलं होतं, आणि निदान चुकलं की औषधही चुकतं. ऑक्टेन कमी झालं नव्हतं, उलट वाढलं होतं. बदललं होतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल.

ही गल्लत इतक्या जणांकडून ऐकली की शेवटी लिहायला बसलो. जुन्या गाडीवर जीव असलेल्या माणसाला हा फरक नेमका कळायला हवा, कारण पैसे आणि इंजिन दोन्ही त्याचंच जातं.

आधी ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची दम धरण्याची कुवत. पिस्टन वर येतो तेव्हा हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि दाबामुळे तापतं. प्लगची ठिणगी पडली की ज्वाला तिथून पसरत जाते. ती पोहोचायच्या आत एखाद्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटलं, की झालं नॉकिंग. हे किती टळतं ते मोजायला एक प्रमाण इंजिन असतं, त्याचं कॉम्प्रेशन कमी-जास्त करता येतं. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० गुण, नॉर्मल हेप्टेन या द्रवाला ०. आपलं पेट्रोल या दोघांच्या ९१-९ मिश्रणासारखं वागलं तर त्याचा आकडा ९१. त्यात प्रत्यक्ष आयसो-ऑक्टेन किती आहे याच्याशी या आकड्याचा संबंध नाही.

नॉकिंग एकदा ऐकलं की विसरत नाही. खंबाटकी घाट चढताना गाडी चौथ्या गिअरमध्ये, इंजिन जेमतेम दोन हजार आरपीएमवर, आणि पाय पूर्ण दाबलेला. अशा वेळी पत्र्याच्या डब्यात चार-पाच गोट्या खुळखुळाव्यात तसा बारीक, कोरडा आवाज येतो. पाय उचलला की थांबतो. कानाला तो किरकोळ वाटतो, पण पिस्टनच्या डोक्यावर प्रत्येक वेळी हातोडी बसत असते. बरेच दिवस चाललं तर पिस्टनच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट जातं.

इथे कॉन्टेसा आणि ऑक्टाव्हिया वेगळ्या वाटांनी जातात. कॉन्टेसाच्या १८१७ सीसीच्या इसुझू इंजिनाला कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर. नॉकिंग होतंय हे त्या गाडीला स्वतःला कळत नाही, चालवणाऱ्याने कानाने ओळखायचं आणि मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घ्यायचं. ऑक्टाव्हियाच्या १.८ टर्बोला मात्र ब्लॉकवर नॉक सेन्सर आहे. कमी ऑक्टेनचं पेट्रोल पडलं की तो ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग मागे खेचतो. आवाज येतच नाही. गाडी फक्त जड वाटते, अ‍ॅव्हरेज पडतं आणि एक्झॉस्टची उष्णता वाढते, ती सोसायची टर्बोने. म्हणून "माझी गाडी नॉकिंग करत नाही, मला साधं चालतं" हे सेन्सरवाल्या गाडीच्या बाबतीत पुरेसं उत्तर नाही. तिथे टाकीच्या झाकणाआतलं स्टिकर वाचायचं. माझ्या गाडीत ते ९५ म्हणतं.

स्टिकर वाचताना कोणत्या पद्धतीचा आकडा आहे तेही बघा. आपल्याकडे आणि युरोपात रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) चालतो. अमेरिकेत रॉन आणि मॉन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिथलं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२, आणि तिथलं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. न्यू जर्सीतला चुलतभाऊ "मी ८७च भरतो" म्हणाला तर तो काही हलकं पेट्रोल भरत नसतो. इंटरनेटवरचे अमेरिकी सल्ले वाचून घाबरण्याआधी हा हिशेब करून घ्यावा.

जुन्या इंजिनाची भूक वयाबरोबर बदलते, हेही लक्षात ठेवायला हवं. पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन साचला की जागा कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, शिवाय तो थर तापून राहतो. नवीन असताना ९१वर खूश असलेली गाडी पंधरा वर्षांनी त्याच ९१वर कुरकुर करू शकते. तेव्हा महाग पेट्रोल हा तात्पुरता आधार, डीकार्बनायझिंग, म्हणजे तो कार्बन साफ करणं, हा खरा इलाज.

आता इथेनॉल, म्हणजे उसापासून बनणारं अल्कोहोल. सातारा-कऱ्हाड-सांगली पट्ट्यात ते काय असतं हे कुणाला सांगायला नको, कारखान्याच्या डिस्टिलरीवरून जाताना वासच सांगतो. इथेनॉल हा गुण नाही, तो पदार्थ आहे. ऑक्टेन सांगतं पेट्रोल दाबाखाली कसं वागेल, इथेनॉलची टक्केवारी सांगते टाकीत आहे काय. पहिल्या गोष्टीचा परिणाम पिस्टनच्या डोक्यावर होतो, दुसरीचा टाकी, नळ्या, पंप, कार्बोरेटर आणि मिश्रणाच्या प्रमाणावर.

एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिसळलं की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. ऑक्टाव्हियाचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू इंधन थोडं वाढवतो. कॉन्टेसाच्या कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, मात्र १९९४ साली होता तेवढाच आहे. त्यामुळे त्या गाडीला मिश्रण पातळ मिळतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. सकाळी चालू व्हायला त्रास, कमी स्पीडला अडखळणं, प्लग पांढरट पडणं ही पातळ मिश्रणाची लक्षणं. मामांचं दुखणं हेच होतं. इथेनॉलची वाफ व्हायला उष्णताही जास्त लागते, थंड इंजिनाला ते आणखी जड जातं. आणि लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असल्यामुळे ई-२०मध्ये (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते.

नळ्यांचं तर बोलायलाच नको. कॉन्टेसाच्या पंपापासून कार्बोरेटरपर्यंतची रबरी नळी आम्ही काढली तेव्हा ती बाहेरून ठीक दिसत होती. क्लॅम्प सोडून वाकवली तर आतून भेगा, आणि बोट फिरवलं तर काजळीसारखं काळं. कार्बोरेटरच्या बाऊलच्या तळाशी तपकिरी गाळ. यातलं काहीही जास्त ऑक्टेनने बरं होणार नव्हतं.

या दोन गोष्टी एकमेकींत अडकतात कशा, तर इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८च्या घरात. म्हणजे ते मिसळलं की ऑक्टेन वाढतं. एकेकाळी आपलं साधं पेट्रोल ८८ होतं, पुढे ९१ झालं, आणि ई-२०बरोबर ते ९५ केल्याचं सरकारने सांगितलं आहे. म्हणजे ज्या पेट्रोलला मामा "ऑक्टेन कमी" म्हणत होते, त्याने नॉकिंगच्या बाबतीत कॉन्टेसाचं भलंच केलं होतं. उलट बाजूने, पंपावरच्या ९५च्या पाटीवरून त्यात इथेनॉल नाही असं मुळीच ठरत नाही. प्रीमियम ९५ मध्येही ते असतं, त्यात वेगळी असतात ती बहुतेक इंजिन साफ ठेवणारी रसायनं.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी करता येते. १०० मिलीची खुणा असलेली काचेची उभी नळी घ्या. त्यात १० मिली पाणी, वर ९० मिली पेट्रोल. बूच लावून हलवा, दाब सोडा, दहा मिनिटं उभी ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १०वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो साधारण २८वर गेला तर वीस टक्के. हे उघड्यावर करा, आसपास विडी-सिगारेट, शेगडी, बटण काहीही नको.

हाच प्रकार पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत आपोआप होतो. इथेनॉल ओलावा धरतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, नेमके जिथून इंधन ओढलं जातं तिथे. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेलेलं असतं, म्हणजे त्याचं ऑक्टेनही घसरलेलं असतं. आधी गंज, मग नॉकिंग.

मग घ्यायचं काय? ऑक्टाव्हियात मी प्रीमियम ९५ भरतो आणि तिथेच थांबतो. शंभरवाल्या पेट्रोलमध्ये जास्त ऊर्जा नसते. ईसीयू रीमॅप करून, म्हणजे त्याची सेटिंग बदलून, टायमिंग आणि टर्बोचा बूस्ट वाढवलेला असेल तर ते पेट्रोल कामाचं, कंपनीच्या सेटिंगवरच्या गाडीला नाही.

कॉन्टेसाला ऑक्टेनसाठी १०० भरणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. पण इंडियन ऑइलचं एक्सपी १०० इथेनॉलविरहित असतं, आणि मामांची गाडी जूनपासून गणपतीपर्यंत शेडमध्ये उभी असते. म्हणून मेअखेरीला टाकीतलं जुनं पेट्रोल वापरून संपवलं, एक्सपी १०० भरलं, आणि त्यावर गाडी वीस किलोमीटर फिरवून आणली, म्हणजे कार्बोरेटरमध्येही तेच राहील. लिटरमागे पन्नासेक रुपये जास्त गेले. मामांनी तक्रार केली नाही, कारण काचेच्या नळीतला थर १०वरून हलला नाही हे त्यांनी स्वतः चष्मा लावून पाहिलं होतं.

सप्टेंबरमध्ये मिस्त्रींनी सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या आणि मेन जेट एक नंबर मोठा केला. आता रोजचं साधं ई-२०च चालतं. दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढून पाहिले. पांढरेपणा गेला होता, टोकाला विटकरी-तपकिरी रंग आला होता, चारही प्लगना सारखाच.