कर थांबला म्हणजे भाव उतरला का?

इंधनाचे भाव भडकले की सरकारांकडून एक घोषणा हमखास होते: पुढचे काही आठवडे किंवा महिने इंधनावरचा कर घेतला जाणार नाही. ऐकणारा लगेच हिशेब मांडतो. कर एवढा, म्हणजे टाकी भरताना तेवढे पैसे वाचणार. या हिशेबात दोन निरनिराळ्या गोष्टी एकच धरलेल्या असतात. कर थांबतो तो सरकारच्या सहीने. भाव उतरतो की नाही हे मात्र बाजारात माल किती आहे, तो किती जणांना हवा आहे आणि विकणाऱ्यांमध्ये स्पर्धा किती आहे यावर ठरतं. या दोन्हींमध्ये कधी जेमतेम फरक असतो, कधी मोठी दरी. गाडीवाल्याच्या खिशात काय पडणार हे त्या दरीवर अवलंबून असतं.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. तिथे हा प्रयोग अनेकदा झाला आहे आणि त्याची मोजदादही नीट झालेली आहे. तिथे पेट्रोलवर गॅलनमागे (गॅलन म्हणजे साधारण पावणेचार लिटर) 18.4 सेंट आणि डिझेलवर 24.4 सेंट केंद्र सरकारचा कर आहे. हे दर 1993 साली ठरले. राज्यांचे कर त्यावर वेगळे. केंद्राचा कर पंपावर गाडीवाल्याकडून घेतला जात नाही. मोठ्या साठवण डेपोतून टँकर भरून बाहेर पडतो तिथेच तो लागू होतो. त्यामुळे कर थांबला की आधी डेपोतून माल उचलणाऱ्याचा खर्च वाचतो. तिथून ती सवलत वितरकाकडे, मग पंपचालकाकडे आणि सगळ्यात शेवटी टाकी भरणाऱ्याकडे पोचायची असते. ती पुरेपूर पुढे द्यावी असं बंधन बहुतेक वेळा कोणावरच नसतं. शिवाय घोषणेच्या दिवशी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत जो माल पडून असतो, त्यावरचा कर आधीच भरलेला असतो. तो संपेपर्यंत भाव हलला नाही, तर पंपचालकाला लबाड म्हणता येणार नाही.

मग किती सवलत पोचते? 2000 साली इलिनॉय आणि इंडियाना या दोन राज्यांनी पेट्रोलवरचा 5 टक्के विक्रीकर काही महिन्यांसाठी थांबवला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी पंपापंपांवरचे रोजचे भाव गोळा करून शेजारच्या राज्यांशी ताडून पाहिले. कर 5 टक्क्यांनी उतरला तेव्हा भाव 3 टक्क्यांनी उतरले होते. कर परत आला तेव्हा ते 4 टक्क्यांनी चढले. बराक ओबामा तेव्हा इलिनॉयच्या विधिमंडळात होते आणि त्यांनी या करमाफीच्या बाजूने मत दिलं होतं. 2008 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन आणि हिलरी क्लिंटन यांनी केंद्राचा कर उन्हाळ्यापुरता थांबवण्याची मागणी केली, तेव्हा मात्र हाच अनुभव सांगून ओबामांनी विरोध केला.

'शेजारच्या राज्यांशी ताडून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपण सगळे आधीचा भाव आणि नंतरचा भाव पाहतो आणि त्यातला फरक करमाफीच्या खात्यावर मांडतो. पण कच्चं तेल त्याच दिवसांत वर-खाली होत असतं. तेल उतरत असताना कर थांबला, तर सवलत आहे त्यापेक्षा मोठी दिसते. तेल चढत असताना थांबला, तर पूर्ण पोचलेली सवलतही दिसत नाही आणि लोक पंपचालकाला शिव्या देतात. म्हणून तुलना कालच्या भावाशी करून उपयोग नाही. त्याच दिवशी, तशाच बाजारात, जिथे कर चालू आहे तिथल्या भावाशी करायला हवी.

2022 च्या वसंतात मेरीलँड, जॉर्जिया आणि कनेक्टिकट या राज्यांनी आपापले कर थांबवले, तेव्हा पेन व्हार्टन बजेट मॉडेल या अभ्यासगटाने अशीच तुलना केली. मेरीलँडमध्ये सवलतीचा सुमारे 72 टक्के भाग गाडीवाल्यांपर्यंत पोचला, जॉर्जियात 58 ते 65 टक्के, कनेक्टिकटमध्ये 71 ते 87 टक्के. म्हणजे मेरीलँडने गॅलनमागे 36.1 सेंट सोडले, त्यातले साधारण 26 सेंट भावात उतरले आणि 10 वाटेत राहिले. ही सवलत करमाफीच्या संपूर्ण काळात टिकलीच असंही नाही; अनेकदा ती मध्येच विरली.

हे आकडे वाचून कोणी म्हणेल, तीन चतुर्थांश पोचले तर वाईट काय? मलाही ते वाईट वाटत नाही. पण एका राज्याचा अनुभव अख्ख्या देशाला लावता येत नाही, आणि याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. एकट्या मेरीलँडने कर थांबवला की तिथे विकणं विक्रेत्यांना जास्त फायद्याचं होतं. आजूबाजूच्या राज्यांत जाणारे टँकर तिकडे वळू शकतात, माल वाढतो आणि स्पर्धेने भाव खाली येतो. संपूर्ण देशाने एकाच वेळी कर थांबवला, तर वळवायला टँकर आणायचे कुठून? जास्तीचं इंधन रिफायनऱ्यांनाच काढावं लागेल. 2022 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या रिफायनऱ्या क्षमतेच्या 94 टक्क्यांच्या आसपास चालत होत्या. त्या आणखी फारसं काढू शकत नव्हत्या.

माल वाढत नसेल तर काय होतं? समजा बाजारात शंभर गॅलन आहेत आणि गॅलनला 5 डॉलर या भावाला ते नेमके शंभर गॅलन खपतात. त्यात 18 सेंट कर आहे. उद्या तो कर गेला. गॅलन तेवढेच आहेत आणि घेणारेही तेवढेच. भाव 4.82 झाला तर मागणी शंभरच्या वर जाईल आणि टंचाई होईल. ती टाळायला भाव पुन्हा 5 डॉलरकडे सरकेल. गाडीवाला पूर्वीएवढेच पैसे देईल, फक्त पूर्वी सरकारकडे जाणारे 18 सेंट आता रिफायनरीकडे आणि वितरकाकडे राहतील. प्रत्यक्षात बाजार इतका टोकाला जात नाही. आयात असते, साठे असतात, थोडी क्षमता शिल्लक असते. पण टंचाईत केलेली करमाफी या टोकाकडे झुकते, आणि करमाफीची मागणी बहुतेक टंचाईतच होते.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी 22 जून 2022 रोजी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, केंद्राचा कर सप्टेंबरअखेरपर्यंत थांबवण्याची मागणी केली, तेव्हा पेट्रोलचा सरासरी भाव नुकताच गॅलनला 5 डॉलरच्या वर जाऊन आला होता. काँग्रेसने ती मान्य केली नाही. केली असती तर काय मिळालं असतं? महिन्याला 40 गॅलन पेट्रोल लागणारी गाडी घेऊ. सवलत शंभर टक्के पोचली असती, तर महिन्याला 7 डॉलर 36 सेंट वाचले असते, तीन महिन्यांत 22 डॉलर. सत्तर टक्के पोचली असती, तर तीन महिन्यांत साडेपंधरा. सरकारचं बुडालं असतं सुमारे 10 अब्ज डॉलर. या कराचा जवळजवळ सगळा पैसा महामार्ग निधीत जातो, आणि तो निधी 2008 पासून वारंवार सर्वसाधारण तिजोरीतून भरावा लागतो आहे. ती तूट करदाता म्हणून त्याच गाडीवाल्याने भरून काढली असती.

जर्मनीत मात्र असा देशव्यापी प्रयोग झाला. 2022 च्या जून ते ऑगस्टमध्ये पेट्रोलवरचा कर लिटरमागे सुमारे 35 युरो-सेंटने आणि डिझेलवरचा सुमारे 17 सेंटने उतरवला. सुरुवातीच्या दिवसांसाठी इफो या जर्मन अर्थसंशोधन संस्थेने काढलेला अंदाज उत्साहवर्धक होता: पेट्रोलमध्ये 85 टक्के सवलत पोचली, डिझेलमध्ये पूर्ण. शेजारी देशांतून माल येऊ शकत होता हे इथे ध्यानात ठेवायला हवं. पण ऑगस्टमध्ये ऱ्हाईन नदीचं पाणी इतकं उतरलं की इंधन वाहणाऱ्या बोटी अर्ध्यामुर्ध्या भरून चालवाव्या लागल्या. कर कमी करून नदीतलं पाणी वाढत नाही. ज्या भागात मालच पोचत नाही, तिथला भाव करमाफी फार काळ दाबून ठेवू शकत नाही.

पोचलेली सवलत कोणाला मिळते, हाही प्रश्न आहे. ती लिटरवर मिळते, गरजेवर नाही. मोठी गाडी हौसेने फिरवणाऱ्याला जास्त, छोट्या गाडीने कामावर जाणाऱ्याला कमी. मालवाहतूक किंवा टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला ती उपयोगी पडते हे खरं, पण त्याच्यापर्यंत मदत न्यायची तर थेट त्याच्या खात्यात नेणं मला जास्त रास्त वाटतं. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये कर न थांबवता कुटुंबांना उत्पन्नानुसार 200 ते 1,050 डॉलर दिले. ते पैसे ऑक्टोबरपासून, म्हणजे उशिरा पोचू लागले आणि गाडी नसलेल्यांनाही मिळाले. पण मधल्या कोणा विक्रेत्याकडे ते अडकून पडले नाहीत.

करमाफी थांबवायची कधी, हे ठरवणंही सोपं नसतं. मेरीलँडने 30 दिवस म्हटलं आणि 30 दिवसांनी कर परत आणला. जॉर्जियात मार्चमध्ये सुरू झालेली करमाफी पुन्हा पुन्हा वाढवत 10 जानेवारी 2023 पर्यंत चालली. तोवर देशभरातला सरासरी भाव गॅलनला साडेतीन डॉलरच्या खाली आला होता. जॉर्जियाच्या शेजारच्या ज्या राज्यांनी एक सेंटही सोडला नव्हता, तिथेही तो उतरला होता.